चक्का टांगा आणि बाहेर पडा: नवशिक्या पालकांसाठी श्रीखंड

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याला स्वयंपाक येत नाही तो, असं समजू नका. शनिवार-रविवारी सुट्टी असते असं ज्याला अजून वाटतं, तो नवशिका. तुमचं मूल बालवाडीत असेल तर तुम्ही निःसंशय याच वर्गात मोडता. मूल चौथीत आहे आणि तरीही सोमवारी ऑफिसात कुणी ‘काय मग, वीकेंड कसा गेला?’ असं विचारल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडत नाही, याचा अर्थ तुमच्या घरी सगळं दुसरंच कुणीतरी करतंय. हा लेख त्या व्यक्तीला वाचायला द्या आणि तोवर ओट्यावरची भांडी जागेवर लावा.

रविवारी दुपारी घरी केलेलं काहीतरी गोड पानात पडलं पाहिजे, असं तुम्ही कुठल्यातरी कमजोर क्षणी मुलांना कबूल केलेलं असतं. मुलं गृहपाठ विसरतात, कबुली विसरत नाहीत. आता प्रश्न उरतो पदार्थ कोणता, एवढाच. बेसनाचे लाडू नकोत. बेसन भाजताना कढईसमोरून हलता येत नाही आणि नेमकी तेव्हाच बाथरूममधून हाक येते. पाकातलं काही नको. एकतारी पाक बघायला दोन बोटं लागतात आणि त्याच बोटांनी तुम्ही मुलाच्या कंपासपेटीचं अडकलेलं झाकण उघडत असता. मोदक आणि पुरणपोळी यांचा विचार ज्यांच्या घरी आजी राहतात त्यांनीच करावा, तोही आजींना विचारून.

म्हणून श्रीखंड. त्याला वेळ भरपूर लागतो, पण लक्ष जवळजवळ लागत नाही. पालकाकडे नेमकं हेच गणित असतं. वेळ तर तसाही जाणारच असतो, मैदानाच्या कट्ट्यावर नाहीतर क्लासबाहेरच्या जिन्यात. लक्ष मात्र शिल्लक नसतं. तुम्ही घरी नसताना जो पदार्थ आपला आपण पुढे सरकतो, असा पक्वान्नांमध्ये हा एकच मला ठाऊक आहे. तुम्ही घरी असलात तर उलट बिघडतो, कारण तुम्ही सारखं उघडून बघता.

छापील पुस्तकांच्या भरवशावर राहू नका. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली. दोन्ही थोर पुस्तकं. ‘रुचिरा’नं तर वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी नव्या संसारांना वाचवलं. पण शनिवारी सकाळी क्रिकेटला कुणी सोडायचं, याबद्दल या दोघींनी चकार शब्द काढलेला नाही. त्याही मागे जायचं तर श्रीखंडाची पूर्वज जी रसाला, तिचं श्रेय परंपरेनं भीमाला दिलं आहे. तो विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होता, तेव्हा त्याला हे जमलं असेल यात नवल नाही. घटोत्कच त्याच्या आईकडे होता.

साहित्य

फुल क्रीम दूध दोन लिटर, म्हणजे पिशवीवर ६ टक्के स्निग्धांश लिहिलेलं. टोन्ड दुधाचंही दही लागतं, पण चक्का इतका कमी उतरतो आणि असा कोरडा लागतो, की त्यापेक्षा सरळ ताक करून प्यावं. विरजणाला चमचा-दोन चमचे ताजं, गोडसर दही. साखर सहाशे ग्रॅम. चिमूटभर मीठ. वेलदोडे, जायफळ, चारोळी. केशराची ती एवढीशी डबी, जी कुणीतरी दिवाळीत दिली होती आणि जी तुम्ही ‘चांगल्या वेळेसाठी’ ठेवली आहे. चांगली वेळ येणार नाही. वापरून टाका.

कापड म्हणून स्वच्छ पंचा किंवा मलमलीचा तुकडा घ्या. पंचा कोरा असेल तर खळ जाईपर्यंत दोनदा धुवा. पुरणयंत्र प्रत्येक मराठी घरात असतं आणि माळ्यावर असतं. त्याचं दांडकं मात्र माळ्यावर नसतं. ते खेळण्यांच्या टोपलीत मिळेल, तिथे सध्या त्याची तोफ झालेली असते. ते आत्ताच, शुक्रवारी, शोधून ठेवा. रविवारी मागायला गेलात तर युद्ध चालू असेल.

याशिवाय लागणाऱ्या वस्तू: पेट्रोल असलेली स्कूटर, दोन कार्डशीट (रंग शाळा नंतर कळवेल), वाढदिवसाला द्यायची एक भेटवस्तू आणि सहजासहजी न संपणारी मोबाइलची बॅटरी.

शुक्रवार, रात्री साडेनऊ

दूध तापवा. उकळी आली की गॅस बारीक करून पाचेक मिनिटं राहू द्या, मग उतरवून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं की झालं, म्हणजे साधारण चाळीस अंश. तापमापी आणायला जाऊ नका. घरातला थर्मामीटर काखेत लावायचा आहे आणि त्याचा सेल गेलेला आहे.

दूध निवेपर्यंत शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो की उद्या ओपन डे आहे आणि दोन्ही पालकांनी यायचं आहे. त्याखाली ‘नोटेड मॅम’ची रांग लागते. तुम्हीही लिहा. मग एक बाबा विचारतात, ‘उद्या म्हणजे शनिवारी का?’ आणि त्यावर तेवढीच मोठी दुसरी रांग लागते. या दोन रांगांच्या मधल्या वेळात दूध बरोबर विरजण्याजोगं होतं. विरजण आधी वाटीत फेटून घ्या, दुधात घालून एकदा ढवळा, झाकण ठेवा, पातेल्याला जुना टॉवेल गुंडाळा आणि ओव्हनमध्ये किंवा कपाटात ठेवून द्या. ओव्हन चालू करायचा नाही. ही सूचना अनावश्यक वाटेल, पण शुक्रवारी रात्री माणूस काहीही करतो.

इथून पुढचं काम जिवाणूंचं. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता वाढते, पीएच ४.६ च्या दिशेनं घसरत जातो आणि केसीन नावाचं प्रथिन एकमेकांना धरून बसतं. यात तुमचा हातभार शून्य. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत आठ-दहा. या अवधीत पालकांनी झोपावं असं शास्त्र सांगतं.

शनिवार

पहाटे उठल्यावर पहिलं काम दही बघण्याचं. पातेलं किंचित तिरकं करा. दही कडेपासून सुटून एकसंध हललं तर उत्तम लागलं आहे. चाखा. आंबट होत आलं असेल तर आता एक मिनिटही घालवू नका, कारण मोजे सापडत नाहीयेत.

चाळणीत पंचा पसरा, दही ओता, चारी कोपरे एकत्र करून गाठ मारा. आता या सगळ्या पाककृतीतला सर्वात अवघड प्रश्न येतो: गाठोडं टांगायचं कुठे?

परंपरा सांगते, ओट्यावरच्या नळाला. परंपरा ज्या काळात घडली त्या काळात भांडी मोरीत घासत असत. आज नळाला चक्का टांगलात तर सकाळी मावशी येतात, गाठोडं बघतात, तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, ‘ताई, मी भांडी कुठं घासू?’ याला उत्तर नाही. तुम्ही घरी नसलात तर त्या विचारतही नाहीत. गाठोडं काढून, त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणाऱ्या ताटलीत ठेवतात, भांडी घासतात आणि जातात. चक्का दुपारपर्यंत स्वतःच्याच पाण्यात बसून राहतो.

खिडकीच्या गजाला टांगणाऱ्यांनी कबुतरांचा विचार करावा. बाल्कनीतल्या दोरीला टांगलं तर खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत असतात, आणि दोन लिटर दुधाच्या दह्यातून सव्वा लिटरच्या आसपास निवळी गळते. कपाटाच्या मुठीला टांगणं बरं, मात्र त्या कपाटात कुणाचाही युनिफॉर्म नसल्याची खात्री करा. मी सुचवेन ते असं: दोन स्टुलं समोरासमोर ठेवा, त्यांवर बॅट आडवी टाका, बॅटला गाठोडं बांधा आणि खाली पातेलं. हा उपाय भक्कम आहे. त्यात दोष इतकाच, की पावणेसातला तीच बॅट क्लासला न्यायची असते. तेव्हा लाटणं. मोठं, पोळ्यांचं. दर तासाला कुणाला तरी गाठ थोडी आवळायला सांगून ठेवा. पिळायचा मोह होईल, पिळू नका. पाण्याबरोबर चक्काही कापडातून बाहेर येतो.

मार्च ते मे या दिवसांत पुण्यात बाहेर टांगलेला चक्का दुपारपर्यंत इतका आंबतो की साखरेचं प्रमाणच बदलावं लागतं. अशा वेळी दोन-तीन तासांनी गाठोडं चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर एक वजन आणि सगळं फ्रिजमध्ये. वजन म्हणून शिष्यवृत्तीचं मार्गदर्शक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरता येतं. त्याचा एवढा उपयोग वर्षभरात झालेला नसतो.

आता बाहेर पडा.

क्रिकेटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुलं मैदानाला चकरा मारतात, पालक कट्ट्यावर बसून मोबाइल बघतात, आणि आपला मुलगा फलंदाजीला येतो नेमक्या त्याच षटकात ऑफिसचा फोन येतो. तिथून शाळेत. ओपन डेला बाई सांगतील, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ हे वाक्य तुमच्या आधीच्या पालकांनाही सांगितलेलं आहे आणि तुमच्या लहानपणी तुमच्या आईलाही सांगितलेलं होतं. मान डोलवा. फ्रिजमध्ये पातेल्याला जागा आहे का याचा विचार करायला ही वेळ चांगली असते. चेहरा आपोआप गंभीर होतो आणि बाईंना समाधान वाटतं.

मग शिष्यवृत्तीचा क्लास. त्या दीड तासात घरी जाऊन यायचं की जिन्यात बसायचं, हा प्रत्येकाच्या स्वभावाचा प्रश्न. जिन्यात बसलात तर इतर आयांकडून तुम्हाला कळेल की सोमवारी ‘जलचक्र’ हा प्रकल्प द्यायचा आहे आणि तो गेल्या सोमवारीच सांगितला होता. मुलाला विचारलंत तर तो म्हणेल, ‘हो, ते मी तुला सांगणारच होतो.’

कोथरूडच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे निळी कार्डशीट संपलेली असते, कारण तुमच्या मुलाच्या वर्गात चाळीस मुलं आहेत आणि त्यांच्या पालकांना हे गेल्या सोमवारपासून ठाऊक आहे. मग अप्पा बळवंत चौक. शनिवारी संध्याकाळी तिथे चारचाकी नेणाऱ्यांसाठी वेगळं मार्गदर्शन लागेल, ते या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. मेट्रोनं मंडईला उतरून चालत जा. थर्मोकोल मागू नका. २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी आहे आणि दुकानदार ते तुम्हाला ज्या सुरात सांगतो तो सूर या वयात ऐकायला बरा वाटत नाही. पुठ्ठा, कापूस, निळा चकाकी कागद घ्या. जलचक्रात ढगांना कापूस लागतो. एकोणीस कंपन्यांचे कापूस मिळतात, कुठलाही चालतो.

संध्याकाळी वाढदिवस. भेटवस्तू शक्यतो विकत आणू नये. आपल्याकडे आलेल्या भेटींचं एक फिरतं भांडवल प्रत्येक घरात असतं, त्यातून उचलावी. फक्त आतल्या बाजूला ‘प्रिय’ असं लिहून पुढे कुणाचं नाव चिकटवलेलं नाही ना, तेवढं पाहावं. मुलांना वाढदिवसाच्या घरी सोडलंत की घरी या.

चक्का आता घट्ट झालेला असतो. पंच्यातून काढल्यावर तो गोळ्यासारखा एकसंध निघाला आणि बोटानं दाबल्यावर पाणी सुटलं नाही, की समजा उतरला. पाऊण किलोच्या आसपास भरेल. साखरेबद्दल घराघरात दोन तट आहेत. एक तट म्हणतो चक्क्याच्या बरोबरीनं, वजनाला वजन. दुसरा म्हणतो पाऊणपट. मी मधला मार्ग धरते. चक्का गोड असेल तर पाऊणपट पुरते, आंबट असेल तर पहिल्या तटाचं म्हणणं पटू लागतं. साखर आणि चिमूटभर मीठ चक्क्यात हातानं कालवून झाकून फ्रिजमध्ये ठेवून द्या. रात्रभरात साखर विरघळते आणि तोपर्यंत जलचक्र करता येतं.

मिश्रण सैल झालेलं पाहून अर्ध्या रात्री घाबरून कुणाला फोन करू नका. साखर पाणी ओढून घेते, ते सुटणारच. थंड झाल्यावर आणि एकजीव केल्यावर पुन्हा धरतं. हाच खुलासा फोनवर तुमची आईही करेल, पण आधी विचारेल, ‘इतक्या उशिरापर्यंत जागी का?’ आणि मग जलचक्रापासून सगळं सांगावं लागेल.

रविवार

सोसायटीनं पाण्याची टाकी धुवायला काढलेली असते. ही सूचना दोन दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये लावली होती. ती वाचायची म्हणजे तुम्हाला लिफ्टमध्ये दोन्ही हात रिकामे असायला हवेत. तेव्हा पुरणयंत्र आधी धुतलेलं असणं महत्त्वाचं, नाहीतर श्रीखंड पिण्याच्या पाण्यानं होईल आणि आंघोळी होणार नाहीत.

पुरणयंत्राला बारीक छिद्रांची जाळी लावा. मिश्रण थोडं थोडं घालून फिरवा. मुलांना मदतीला घ्या. यातून त्यांना स्वयंपाकाची गोडी लागते असं म्हणतात. मोठा चार फेऱ्या फिरवतो आणि हात दुखतो म्हणतो. धाकटी जे खाली पडतं ते बोटानं उचलते, मग जे पडणार आहे तेही उचलते. हे काम मिक्सरमध्ये करायचं मनात आलं तर करू नका. मिक्सर चक्क्याची घडण मोडतो, श्रीखंड ओघळतं आणि मग लोक त्याला मठ्ठा म्हणत नाहीत, एवढाच काय तो त्यांचा चांगुलपणा. पुरणयंत्र नसलं तर पिठाची बारीक चाळणी उलटी घेऊन तिच्यावर घासता येतं. खांदा दुखतो, पण तो तसाही कालपासून दुखतो आहे.

केशर चमचाभर कोमट दुधात आधी भिजवून ठेवा. ते दूध, वेलदोड्याची पूड, किसलेलं जायफळ आणि चारोळी घालून सारखं करा. जायफळानं झोप येते असं आपल्याकडे घरोघर मानतात. त्या आशेवर अनेक पालक ते सढळ हातानं घालतात. असं करू नका. जास्त झालं तर कडवट लागतं, आणि गुण यायचाच असेल तर आधी तुम्हाला येतो. दुपारी दोन वाजता आईबाबा सतरंजीवर आडवे आणि मुलं टक्क जागी, घरात कात्री शोधत, हे दृश्य सुरक्षित नाही.

पुऱ्यांची कणीक घट्ट मळा. थोडा रवा, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. निवळी फेकलेली नसेल तर पाण्याऐवजी तीच वापरा. फेकली असेल तर पुढच्या वेळी फेकू नका, उरलेल्या निवळीत सोमवारच्या डब्याच्या ठेपल्यांचं पीठ मळता येतं. पहिली पुरी तळणीत टाकली की बेल वाजते. धाकटे दीर किंवा मामेसासरे, सोबत कुटुंब. ‘सहजच आलो होतो, इकडे काम होतं.’ रविवारी दुपारी साडेबाराला इकडे कुणाचंही काम नसतं, पण तेलाचा वास जिन्यापर्यंत जातो. ‘या ना, बसा, जेवूनच जा,’ असं म्हणा आणि कणकेचे गोळे लहान करा. पाऊण किलो चक्क्याचं श्रीखंड आठ माणसांना पुरतं, हे मी जबाबदारीनं सांगते. अट एवढीच की वाटी लहान हवी आणि वाढणारे तुम्ही हवेत.

पानात श्रीखंड पडल्यावर प्रतिक्रिया तीन प्रकारच्या येतात. मोठे लोक विचारतात, ‘चक्का कुठून आणला?’ हे कौतुक समजावं. घरी लावला असं सांगितल्यावर ‘कशाला एवढा उपद्व्याप, चांगला मिळतो की विकत,’ असं म्हणून ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. पाव्हण्यांतलं एक मूल म्हणतं, ‘मला आंब्याचं आवडतं.’ आणि ज्यांना कबूल केलं होतं, ती तुमची स्वतःची मुलं पुरी नुसतीच साखर लावून खातात. अशा वेळी काही बोलू नये. त्यांच्या वाट्याचं बाजूला काढावं. रात्री नऊ वाजता, दात घासून झाल्यावर, त्यांना ते हमखास हवं असतं.

काही शंका

चक्का विकत आणला तर चालेल का? चालेल. डेअरीत मिळतो, चांगला मिळतो. मग हा लेख कशासाठी, असं विचाराल तर सांगते: विकतचा चक्का आणायला रविवारी सकाळी रांगेत उभं राहावं लागतं, म्हणजे तिथे तुमची हजेरी लागते. घरच्याला लागत नाही.

किती दिवस टिकतं? फ्रिजमध्ये आठवडाभर, ओला चमचा न घातला तर. ज्या घरात मुलं आहेत तिथे हा प्रश्न केवळ तात्त्विक आहे.

मग आपल्यासाठी कसं उरवायचं? पाव्हणे खाली लिफ्टमध्ये शिरताच, मुलं त्यांना टाटा करायला गॅलरीत गेलेली असताना, चार चमचे वेगळ्या स्टीलच्या डब्यात काढा. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या मागे सरकवा. झाकणावर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहा: ‘मेथी. निवडायची आहे.’